वीतभर सुख

आमच्या गावाची सगळी ख्याती एका म्हणीत सामावलेली आहे : ‘जालना, सोने का पालना.’ म्हण हिंदी, पाळणा मराठवाड्यात आणि सोनं सराफ्यात; त्यामुळे सामान्य जालनेकराच्या वाट्याला यातलं फक्त हलणं येतं. व्यापारी पेठ म्हणून गावाचं नाव जुनं आहे. पुढे बियाण्यांमुळे झालं, मग लोखंडी सळयांमुळे झालं. म्हणीतलं सोनं सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पाळण्याकडे मात्र कोणी बघितलं नाही.

वास्तविक पाळणा म्हणजे माणसाच्या आयुष्यातलं पहिलं सस्पेन्शन. वर कडी, चार दोऱ्या, खाली झोळी. घरात कोणी आपटो, भांडो, पाट्यावर वरवंटा चालो, बाळापर्यंत काही पोचू द्यायचं नाही. बाळ पाळण्यातून बाहेर पडतं आणि पुढं जन्मभर तीच सोय शोधत हिंडतं. कोणाला ती गादीत सापडते, कोणाला फिरत्या खुर्चीत, कोणाला ओळखीच्या साहेबात, तर कोणाला सासऱ्याच्या प्लॉटात. शेवटचा प्रवाससुद्धा माणूस लवचिक बांबूंवरून, चार खांद्यांवर करतो. म्हणजे तक्रार करायला कोणी उरलेलं नसतानाही हादरा बसू नये एवढी काळजी आपण घेतोच.

या दोन पाळण्यांच्या मधल्या काळात माणसानं किती हादरे सोसावेत आणि किती हादऱ्यांपासून स्वतःला वाचवावं, हा प्रश्न खरं तर तत्त्वज्ञांचा. माझ्यासारख्या बी.कॉम. झालेल्या बँकेच्या कारकुनापर्यंत तो यायचं कारण नव्हतं. पण आला. आणि आला तोही सायकलवर बसून.

झालं असं की, आमचे चिरंजीव नववीत गेले आणि त्यांना सायकल हवीशी झाली. सायकल म्हणजे माझ्या डोळ्यांपुढे अजून तीच उभी राहते : काळी, चोवीस इंची, मागे कॅरिअर, पुढे घंटी आणि सीटखाली दोन जाड स्प्रिंगा. त्या स्प्रिंगा एवढंच काय ते सुख. तेही करकर आवाज करत मिळायचं. म्हणजे आपल्याला सुख मिळतंय हे चार घरं आधी ऐकायची. आता दुकानात पाहावं तर सायकली ओळखू येत नाहीत. टायर मोटरसायकलला शोभतील असे. पुढच्या चिमट्याच्या दोन्ही पायांत शॉकअप. मध्ये सीटखाली आणखी एक, लालभडक स्प्रिंगचा. याला ‘डबल शॉकअप’ म्हणतात आणि हे शब्द उच्चारताना नववीतल्या मुलाचा चेहरा जसा होतो, तसा आमच्या वेळी फक्त सत्यनारायणाच्या प्रसादासमोर होत असे.

या सायकलीचं शुभनाव ‘माउंटन बाइक’. आता जालन्यात माउंटन कुठून आणायचा? जिल्ह्याच्या उत्तरेला, भोकरदन-जाफराबादकडे, अजिंठ्याच्या रांगा जरा टेकून जातात. अंबडला मत्स्योदरी देवीची टेकडी आहे, राजूरला गणपतीची. पण दोन्ही देवांनी भक्तांनी चालत यावं एवढीच अपेक्षा ठेवलेली दिसते. बाकी सगळा सपाट मामला. शहरात खात्रीनं डोंगर म्हणता येईल अशी एकच गोष्ट, ती म्हणजे गल्लीतल्या लोकांनी स्वखर्चानं बांधलेला स्पीडब्रेकर.

म्हणून मी आमच्या मेकॅनिक चाचांना विचारलं, “चाचा, एवढं हलायची गरज काय?” चाचा चाकाच्या तारा पिळत होते. हातातलं काम न थांबवता म्हणाले, “साब, गाडी नै हलेगी तो आदमी हलेगा.”

वाचकहो, या विषयावर मी पुढं बरंच वाचलं, पण याहून थोडक्यात कोणी सांगितलेलं मला आढळलं नाही. हादरा काही नाहीसा होत नाही. तो कोणी सोसायचा एवढंच ठरवायचं असतं.

आपल्या वाडवडिलांनी ते माणसानंच सोसायचं ठरवलं होतं. बैलगाडीला स्प्रिंग नव्हती. माहेरवाशीण यायची असली की गाडीत कडब्याच्या पेंढ्या टाकायच्या, त्यावर गोधडी अंथरायची, झालं सस्पेन्शन. मुक्कामाला पोचल्यावर तेच सस्पेन्शन बैलाला खायला घालता येई. ही सोय आजच्या कुठल्याही महागड्या सायकलीत नाही. आणि ज्यांना तेवढंही लागलं नाही, असेही महाभाग याच जिल्ह्यानं पाहिले. समर्थ रामदास घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे. ‘सावधान’ ऐकून बोहल्यावरून निघालेले हे गृहस्थ पुढं बारा वर्षं पायी देशभर हिंडले असं सांगतात. आमच्या जिल्ह्यातला आजवरचा सगळ्यात मोठा प्रवास झाला तो असा, शून्य मिलिमीटर सस्पेन्शनवर.

साहेबाच्या देशात मात्र हादरा ही सोसायची गोष्ट आहे हे लोकांना पटेना. सुरुवातीच्या सायकलींना तिकडे ‘हाडं खिळखिळी करणारी’ अशाच अर्थाचं नाव पडलं होतं. बेलफास्टच्या डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टरनं १८८८ साली आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी रबराच्या नळीत हवा भरली आणि चाकाला बसवली. हवेच्या टायरचं पेटंट त्याआधी १८४५ सालीच टॉमसन नावाच्या माणसानं घेऊन ठेवलं होतं. पण ते कागदावर राहिलं आणि धावली ती बापानं पोरासाठी केलेली वस्तू. मुलांच्या सायकलपायी बापाच्या डोक्याला ताप होण्याची परंपरा तेव्हापासूनची आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं.

पुढं १९७६ साली कॅलिफोर्नियातल्या मरिन परगण्यातल्या काही पोरांनी जुन्या जाडजूड सायकली डोंगरावर नेल्या आणि मातीच्या रस्त्यानं खाली सोडल्या. दोनेक मैलांत सुमारे १,३०० फूट उतार. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये, उलटं पॅडल दाबलं की लागणारे. खाली पोचेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि दर खेपेनंतर ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं. ध्यानात घ्या, सायकलीत ग्रीस होतं, धूर होता, पण पुढे-मागे शॉकअप एकही नव्हता. माउंटन बाइक नावाची गोष्ट जन्माला आली ती अशी, निव्वळ गुडघ्यांच्या आणि कोपरांच्या भरवशावर.

तेरा वर्षांनी, १९८९ साली, रॉकशॉक्स नावाचा पुढचा चिमटा बाजारात आला. तो दबायचा सुमारे ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच. त्या चिमट्यावर बसून १९९० साली ड्युरँगोला झालेल्या पहिल्या जागतिक स्पर्धेत ग्रेग हर्बोल्डनं उताराची शर्यत जिंकली आणि दोन इंचांचं भाग्य उजळलं. आज चढ-उताराच्या शर्यतीच्या सायकलीला १०० ते १२० मिलिमीटर असतं आणि निव्वळ उतारासाठी केलेल्या सायकलीला २०० मिलिमीटर. आपल्या मापात सांगायचं तर वीतभराला बोटभर कमी. शर्यतीचे मार्ग अवघड झाले म्हणून स्प्रिंग वाढली आणि स्प्रिंग वाढली म्हणून मार्ग आणखी अवघड करता आले. पगार आणि गरजा यांचंही असंच चालू असतं. आधी कोण वाढलं हे कुठल्याच नवरा-बायकोला नक्की सांगता येत नाही.

आता या वीतभर सुखाचा ताळेबंद मांडू. आमचं शिक्षणच त्या जातीचं आहे. जमेची बाजू दिसली की डोळा आपोआप नावे बाजूकडे जातो.

जमेला काय? खड्डा आला की चाक वर जातं आणि माणूस जागेवर राहतो. चाक जमिनीला धरून राहतं, त्यामुळे खडकाळ उतारावर ताबा सुटत नाही. हे काही थोडं नाही. केरळात पोनमुडीच्या डोंगरात २०२३ साली आशियाई माउंटन बाइक स्पर्धा झाल्या. तिथं दगडांवरून उतरणाऱ्या मुलाला ‘जरा सोसायला शीक’ असं सांगणं म्हणजे निव्वळ क्रौर्य होईल.

नावे बाजू जरा लांब आहे. पहिलं म्हणजे वजन. साधा लोखंडी चिमटा एका किलोच्या आसपास, तर स्वस्तातला स्प्रिंगचा चिमटा त्याच्या दुप्पट-अडीचपट जड. दुसरं म्हणजे, पॅडलवर जोर दिला की सायकल आधी खाली बसते आणि मग पुढं जाते. निम्मा जोर चाकाला आणि निम्मा स्प्रिंगला. जसा आमच्या पगारातला काही भाग घरी पोचण्याआधीच कुठंतरी दबतो. तिसरं म्हणजे, नुसती स्प्रिंग पुरत नाही. स्प्रिंग ही ठेव आहे. हादरा तिच्यात जमा होतो आणि ती तो तातडीनं परत करते. हादरा खरा मारायचा तर चांगल्या शॉकअपमध्ये तेल असतं. ते बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि हादऱ्याची ऊष्णता होऊन जाते, म्हणजे आमच्या भाषेत रक्कम बुडीत खाती निघते. स्वस्त सायकलीत पुष्कळदा हे तेल नसतं, फक्त स्प्रिंग असते. मग ठेव परत मिळते ती ताबडतोब, आणि थेट ठेवीदाराच्या बुडाखाली.

यावर कळस म्हणजे ‘लॉकआउट’ नावाची कळ. चढावर सस्पेन्शन नको वाटलं की ती फिरवायची. चिमटा घट्ट होतो, हलत नाही. म्हणजे आधी हलावं म्हणून पैसे मोजायचे आणि मग हलू नये म्हणून आणखी पैसे मोजायचे. वडिलोपार्जित वाडा विकून फ्लॅट घ्यायचा आणि त्या फ्लॅटच्या भिंतीवर वाड्याचं चित्र लावायचं, तशातली गत.

मधल्या सुट्टीत चहा पिताना मी हा ताळेबंद सहकाऱ्यांपुढे ठेवला आणि शाखेत लगेच दोन पंथ पडले.

आमचे रोखपाल ‘लागेल तेवढंच’ पंथाचे. ते कोऱ्या कागदाचे चार तुकडे करून हिशेब मांडतात आणि पाचवा हिशेब आला तर पहिल्या तुकड्याची मागची बाजू वापरतात. ते म्हणाले, “अहो, शाळा ते क्लास, क्लास ते घर. एवढ्यासाठी डबल शॉकअप? निम्मं सस्पेन्शन पडूनच राहणार. याला डेड स्टॉक म्हणतात, बी.कॉम.ला शिकवलं नाही का तुम्हाला?”

कर्ज विभागातले आमचे दुसरे मित्र ‘असू द्यावं’ पंथाचे. त्यांच्या मते अंथरूण पाहून पाय पसरण्याचे दिवस गेले; आता पाय पसरायचे आणि अंथरुणाचा हप्ता बांधायचा. ते म्हणाले, “पडून राहतं म्हणून वाईट? मग तुमच्या तिजोरीतली रोकड रोज संध्याकाळी संपते का? संपली तर काय होईल?”

रोखपाल गप्प झाले. कारण हा वार वर्मी होता. जी बँक आपला शेवटचा रुपया रोज वापरते, ती काटकसरी ठरत नाही. ती बुडायला आलेली असते. तिजोरीत काही रक्कम वापरायची नाही म्हणूनच ठेवलेली असते. म्हणजे न वापरलेलं ते सगळं फुकट, हा हिशेब खोटा. आणि ‘कधी लागेल सांगता येत नाही’ म्हणून वाटेल तेवढं साठवावं, हाही खोटा. नाहीतर बँकेनं कोणाला कर्जच दिलं नसतं. मग खरा हिशेब कुठला?

तो मला शेवटी एका रबरी कड्यात सापडला.

चांगल्या सायकलीच्या चिमट्याच्या गुळगुळीत नळीवर एक बारीक रबरी कडं असतं. चिमटा दबला की ते वर सरकतं आणि सुटला की तिथंच राहतं. फेरी संपवून खाली उतरलात की ते कडं सांगतं : बाबा रे, तुला मिळालं होतं इतकं, त्यातलं तू वापरलंस इतकं. माणूस नुसता सीटवर बसला तरी पाव भागाच्या आसपास खर्ची पडतो, तो सोडून द्यायचा. जाणकार म्हणतात, आपल्या नेहमीच्या वाटेवरच्या सगळ्यात मोठ्या धक्क्याला ते कडं जवळजवळ टोकाला पोचलं पाहिजे, आणि तेही क्वचितच. दर खड्ड्याला टोक गाठत असेल, तर सस्पेन्शन कमी पडतंय. महिनोन्‌महिने निम्म्यावरच थांबत असेल, तर एक तर स्प्रिंग कडक आहे किंवा तुम्ही दुसऱ्याच कोणाच्या डोंगराचे पैसे भरलेले आहेत.

हे वाचलं आणि मी हातातला चहा खाली ठेवला. गरजेची इतकी सरळ व्याख्या मी कुठल्याच प्रवचनात ऐकली नव्हती. गरज म्हणजे रोजचा खड्डा नव्हे आणि जगातला सगळ्यात मोठा खड्डाही नव्हे. गरज म्हणजे आपल्या वाटेवरचा सगळ्यात मोठा खड्डा. त्याच्या आत राहिलो तर हातपाय मोडतील. त्याच्या फार बाहेर गेलो तर दुसऱ्याच्या खड्ड्याचं ओझं रोज आपल्या चढावर ओढत न्यावं लागेल.

हे कडं फक्त सायकलीलाच का असावं, असं मला वाटायला लागलं. घरातल्या प्रत्येक वस्तूला ते बसवलं तर? आमच्या शोकेसमध्ये बारा माणसांचा डिनर सेट आहे. तो लग्नात आला. त्याचं कडं आजपर्यंत चारच्या पुढं सरकलेलं नाही आणि तेही एकदाच, जेव्हा मोलकरीण आली नाही म्हणून रोजची भांडी खरकटी होती. दिवाणखान्यातला सोफा पाहुण्यांसाठी. आम्ही स्वतः खाली सतरंजीवर बसतो. शेजारच्या निवृत्त मास्तरांचा मोबाइल चंद्रावरचा फोटो काढू शकतो म्हणे. मास्तर त्यावर रोज सकाळी सुप्रभात पाठवतात. ओळखीच्या एकानं मुलीच्या लग्नाला दोन हजारांचा स्वयंपाक सांगितला, कारण व्याह्यांनी दीड हजारांचा सांगितला होता. तिथं कडं किती सरकलं हे दुसऱ्या दिवशी मांडवामागच्या गाईंना विचारा.

हे सगळं मी घरी रंगवून सांगत होतो. सौ. शांतपणे भाजी निवडत होती. ती म्हणाली, “तुमच्या कपाटात चार ‘कॉस्टिंग’ची पुस्तकं आहेत. त्यांचं कडं कुठंवर गेलंय?” मी विषय बदलला, कारण मला तो लेखाच्या दृष्टीनं अनावश्यक वाटला.

पण काटकसरीच्या या आनंदात आपण फार वाहवत जाऊ नये म्हणून की काय, त्याच आठवड्यात काउंटरवर एक मोसंबीवाले शेतकरी आले. त्यांच्या शेतात मोठं शेततळं आहे. पावसाळा सोडला तर वर्षातले कित्येक महिने ते निम्मं रिकामं. मी सहज म्हणालो, “मामा, एवढं मोठं तळं लागतं का हो?”

मामा म्हणाले, “सायेब, तुम्ही बाराचा दुष्काळ बघितला का?”

बघितला होता, पण बँकेच्या खिडकीतून. २०१२-१३ साली जालना जिल्ह्यात पाणी असं उरलं नव्हतं. लेकरासारख्या वाढवलेल्या मोसंबीच्या बागा लोकांनी टँकरचं विकतचं पाणी घालून जगवायचा प्रयत्न केला. काही जगल्या. पुष्कळ वाळल्या आणि त्यांचं सरपण झालं. मोसंबीचं झाड फळाला यायला काही वर्षं जातात; ती वर्षं त्या सरपणात गेली. ज्या गावांनी आधीच पाणी अडवून ठेवलं होतं, शेततळी खोदून ठेवली होती, ती गावं तरली. आमच्या जिल्ह्यातल्या कडवंचीचं नाव त्यासाठी आजही घेतात. तिथं या कोरड्या मुलखात द्राक्षं पिकतात.

मामांच्या तळ्यावर रबरी कडं बसवलं, तर ते कुठल्या ना कुठल्या मे महिन्यात तळाला टेकल्याशिवाय राहत नाही. त्यांच्या वाटेवरचा सगळ्यात मोठा खड्डाच तेवढा खोल आहे. तेव्हा ‘जास्तीचं’ म्हणून सरसकट नाक मुरडण्यात अर्थ नाही. माझा डिनर सेट आणि मामांचं तळं, दोन्ही एरवी रिकामीच दिसतात. पण एकात मिरवायची हौस आहे आणि दुसऱ्यात धास्ती. आणि जिच्यामागे अशी खरी धास्ती आहे, ती चैन नव्हे. गंमत अशी की जगात वीतभर सस्पेन्शन बहुतेक वेळा ज्यांच्या वाटेवर खड्डे नाहीत त्यांच्याकडे असतं, आणि ज्यांच्या वाटेवर खड्ड्यांखेरीज काही नाही ते सीटखालच्या दोन गंजक्या स्प्रिंगांवर असतात.

इथं मला चाचांचं वाक्य पुन्हा आठवलं. हादरा नाहीसा होत नाही. तो कोणी सोसायचा एवढंच ठरतं.

आमच्याकडे दूध घालणारे काका रोज पहाटे सायकलवर येतात. काळी सायकल, दोन्ही बाजूंना कॅन, शॉकअप शून्य. त्यांना वाटेतला एकूण एक खड्डा तोंडपाठ आहे. कुठला जुना, कुठला परवाच्या पावसातला, कुठला नळाची पाइप टाकणाऱ्यांनी उकरून तसाच ठेवलेला, हे ते तारीखवार सांगतात. खड्डा आला की सीटवरून किंचित उठतात, गुडघे सैल सोडतात आणि दूध हिंदकळू न देता पार होतात. आमच्या भागातला जमिनीचा स्वभावही त्यांनीच मला सांगितला : काळी माती पावसात फुगते, उन्हात आक्रसते आणि वरच्या डांबराला दर वर्षी एकदा कूस बदलायला लावते. इंजिनिअरच्या पुस्तकातही हेच आहे. फक्त काकांना ते माकडहाडातून समजलं.

आता त्याच रस्त्यावरून मोठ्या गाड्या जातात. पिंपाएवढी चाकं, आत गारवा, मागं मऊ गादी. मागे बसलेल्या साहेबाला खड्डा कळतच नाही. त्याचा हात फोनवर असतो आणि तो खोटं न बोलता म्हणतो, “रस्ता तर ठीक आहे!” त्याच्यापुरता तो ठीकच असतो. दुधाचे काका पडले तर त्यांना रस्त्याबद्दल कोणी विचारत नाही, आणि ज्याला विचारतात त्याला रस्ता लागलेलाच नसतो. म्हणून मला वाटतं, सस्पेन्शनची खरी किंमत त्याच्या वजनात नाही, हप्त्यातही नाही. ते जितकं वाढतं, तितकी माणसाला खालची जमीन कळेनाशी होते. आपण मऊ झालो म्हणून रस्ता मऊ होत नाही; आपला हादरा आपल्यापुरता मिटतो आणि रस्त्याबद्दल बोलणारा एक माणूस कमी होतो. पुरेशा लोकांनी पुरेसे शॉकअप घेतले की खड्डा बुजवायची गरज कोणालाच उरत नाही, काकांखेरीज.

जिल्ह्यात एक रस्ता मात्र असा झाला आहे की त्यावर शॉकअपची गरजच नाही. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आमच्या जालन्याजवळून जातो. गुळगुळीत, रुंद, आरशासारखा. त्यावर सायकलीला बंदी आहे.

शेवटी चिरंजीवांची सायकल आली. डबल नाही, एकच, पुढचा शॉकअप असलेली. मागचा शॉकअप त्यांना जन्मतः मिळालेला आहे, गुडघ्यांत आणि पाठीच्या मणक्यांमधल्या तेवीस चकत्यांत, आणि त्याला सर्व्हिसिंग लागत नाही, हे मी त्यांना बराच वेळ समजावलं. टायरमधली हवा जरा कमी ठेव, खड्डा दिसला की सीटवरून ऊठ, हेही सांगितलं. एवढ्या स्वस्त चिमट्यावर रबरी कडं कुठून येणार? पण बँकेत रबरांना तोटा नाही. नोटांच्या गड्डीला लावतात तसं एक रबर मी चिमट्याच्या नळीवर गुंडाळून दिलं आणि म्हटलं, “हे जिथवर सरकेल, तिथवर आपली गरज. त्यापुढचं सगळं मोहमाया.”

चतुर्थीला चिरंजीव मित्रांबरोबर राजूरला जाऊन आले. जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर. धुळीनं माखलेली सायकल अंगणात उभी केली आणि आम्ही बापलेक वाकून रबर बघू लागलो. ते नळीच्या बरोबर निम्म्यावर थांबलेलं होतं. मी विजयी मुद्रेनं म्हणालो, “बघ! वापरलंस ते एवढंच. उरलेलं निम्मं कशाला हवं होतं, सांग.”

चिरंजीवांनी कपाळावरचा गुलाल पुसला आणि म्हणाले, “लागेल ना, बाबा. तिथं बोर्ड लावलाय. पुढच्या महिन्यापासून रस्ता दुरुस्तीचं काम सुरू होणार आहे.”